'सर्व्हर डाऊन' हे प्राक्तन नाही. आपलं दप्तर आपल्या हाती घ्या

सेतू केंद्रावर, तलाठी कार्यालयात, शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नेट कॅफेत आपल्या माणसाला एकच वाक्य ऐकवलं जातं : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." आपला माणूस मान हलवतो आणि परत फिरतो. त्याचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, कधी कधी फॉर्मची मुदतही जाते. तरी तो कोणाला जाब विचारत नाही. पाऊस पडला नाही तर जाब कोणाला विचारायचा? तसंच त्याला वाटतं. वर कुठेतरी काहीतरी बिघडलं, आपल्या हातात काय आहे?

मित्रांनो, बहिणींनो, आपल्या आजा-पणज्यांना हेच सांगितलं गेलं होतं. गेल्या जन्मीचं पाप आहे, भोगा. ती थाप बाबासाहेबांनी मोडून काढली. आज तीच थाप संगणकाच्या भाषेत परत आली आहे आणि आपली शिकलेली पोरंसुद्धा ती मुकाट गिळत आहेत.

सर्व्हर बंद पडणं हा निसर्गाचा कोप नाही. यंत्रं किती ठेवायची, माहितीच्या प्रती किती ठेवायच्या, एक यंत्र पडलं तर दुसऱ्यानं काम उचलावं याची सोय करायची की नाही, तिच्यावर पैसा खर्च करायचा की नाही, हे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय असतात. हे निर्णय कसे होतात ते समजून घ्यायला इंजिनिअरिंग कॉलेजची लाखांची फी लागत नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डेटाबेसचा छोटा क्लस्टर उभा करून ते शिकता येतं. पारनेरसारख्या तालुक्यातल्या आंबेडकरी तरुणांनी ते शिकलंच पाहिजे. नोकरीसाठी शिका, जरूर शिका; पण त्याआधी आपल्या वतनाच्या जमिनीच्या नोंदींवर पहारा ठेवण्यासाठी शिका.

हद्द आमच्या डोक्यात, दप्तर त्यांच्या घरात

जुन्या गावगाड्यात गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला माहीत असायचं. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष घ्यायचे, त्याला हद्दीवरून चालवायचे. गावाची राखण त्यानं करायची, सरकारी सांगावा त्यानं पोचवायचा, सारा भरायला लोकांना चावडीवर त्यानं बोलावून आणायचं. पण कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाचा किती सारा थकला, हे लिहिलेलं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. जमिनीची माहिती आपल्याकडे होती, पण लिहिण्याची सत्ता दुसऱ्याकडे होती. आणि वाद कचेरीत गेला की डोक्यातली माहिती हरते, कागद जिंकतो.

१८७४ च्या वतन कायद्यानं ही गुलामी कायद्याच्या चौकटीत बसवली. तुटपुंज्या वतनी जमिनीच्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबानं चोवीस तास सरकारचं आणि गावाचं काम करायचं. बाबासाहेबांनी याविरुद्ध 'बहिष्कृत भारत'मधून लिहिलं आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. पुढे १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली, तो कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला, आणि ठरलेली रक्कम भरून या जमिनी वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. अट अशी की जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन विकता येणार नाही.

म्हणून आजही महार वतनाची जमीन महसुली भाषेत 'इनाम वर्ग ६ ब' म्हणून ओळखली जाते. परत मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असतं आणि इतर हक्काच्या रकान्यात हस्तांतरावरच्या बंधनाची ओळ असते. ती एक ओळ म्हणजे आपल्या जमिनीचं कुंपण आहे. आणि ती ओळ आज कागदावर नाही, डेटाबेसमध्ये आहे.

पारनेरला याची गरज का?

पारनेर दुष्काळी तालुका. वतनाच्या जमिनी बहुतेक ठिकाणी माळाच्या, मुरमाड. घरटी कोणीतरी मुंबई-पुण्याला कामाला गेलेलं. पन्नास वर्षं त्या माळाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. पण नगर-पुणे रस्त्याला सुप्याची एमआयडीसी उभी राहिली, रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला, आणि जिथे भाव येतो तिथे वतनाच्या जमिनीकडे नजर वळते. हे फक्त पारनेरचं नाही. पुण्याच्या आसपास महार वतनाच्या जमिनींचे वाद किती गाजले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं आहेच.

मूळ वतनदार मुंबईत, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस नोंद झालेली नाही, सोळा वारसांतले चार एकमेकांना ओळखतही नाहीत. अशा जमिनीवर फेरफार पडायला वेळ लागत नाही. कायद्याप्रमाणे फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. गावोगावच्या या नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. नोंद प्रमाणित झाली तर प्रांताकडे अपील करायला ६० दिवस. उशीर झाला तर तो माफ करून घेता येतो, पण त्यासाठी पटेल असं कारण द्यावं लागतं. आता सांगा, घाटकोपरच्या चाळीतल्या माणसाला हे १५ दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे कोण सांगणार?

याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं नाव माहिती अधिकाराच्या चळवळीमुळे देशभर झालं. माहितीचा अधिकार मोलाचाच आहे. आधी राज्याचा कायदा आला, मग २००५ चा केंद्राचा कायदा आला, आणि आपल्याही कार्यकर्त्यांनी तो हत्यारासारखा वापरला. पण एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. माहितीचा अधिकार म्हणजे दुसऱ्याच्या घरातली माहिती मागण्याचा अधिकार. अर्ज करा, ३० दिवस थांबा, नाही मिळाली तर अपील करा. आणि मिळालेल्या कागदांचं पुढे काय होतं? प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर, एका कार्यकर्त्याच्या घरी. तो कार्यकर्ता थकला, गाव सोडून गेला किंवा पक्ष बदलला की चळवळीचं दप्तर संपलं. मागायला आपण शिकलो, जपून ठेवायला शिकलो नाही.

म्हणून काम असं : तालुक्यातल्या प्रत्येक गावातल्या ६ ब जमिनींचे गट शोधायचे. प्रत्येक गटाचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून काढायचा आणि त्यातल्या नोंदी आपल्या डेटाबेसमध्ये तारखेसह भरायच्या. ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासायचं. जुनी नोंद कधीही खोडायची नाही. प्रत्येक तपासणीची नवी ओळ. मग 'मागच्या तपासणीनंतर कुठे काय बदललं' हा प्रश्न डेटाबेसला विचारला की तो एका क्षणात यादी काढून देतो. वर्ग २ चा वर्ग १ झाला, नाव बदललं, बंधनाची ओळ गायब झाली, की त्याच आठवड्यात कुटुंबाला फोन, पुढच्या आठवड्यात हरकत. आपला डेटाबेस कोर्टात पुरावा ठरणार नाही, पुरावा म्हणजे सहीचा उतारा. पण कोणता उतारा कधी काढायचा हे आपला डेटाबेस सांगेल.

एका लॅपटॉपवर तीन नोड

आता तांत्रिक भाग. घाबरू नका, ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर लिनक्स टाका, उबुंटू चालेल. त्यावर डॉकर इंजिन. विंडोजवरचं डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांना विकत घ्यावं लागतं. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मुक्त आहे. त्याऐवजी पॉडमॅन वापरलं तरी हरकत नाही.

२०१३ साली डॉकर आलं आणि कंटेनर ही गोष्ट सगळ्यांच्या आवाक्यात आली. कंटेनर म्हणजे एक बंद डबा. त्यात एक प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान. एकाच साच्यातून, म्हणजे इमेजमधून, हवे तितके डबे काढता येतात. प्रत्येक डब्याला वाटतं की आपण वेगळ्या संगणकावर आहोत. त्यामुळे ज्याला तीन सर्व्हर परवडत नाहीत त्याला एकाच लॅपटॉपवर तीन सर्व्हरचा सराव करता येतो. आपल्यासाठी याचं मोल इथे आहे.

डेटाबेस म्हणून मारियाडीबी घ्या. मायएसक्यूएल ओरॅकल कंपनीच्या ताब्यात जाणार असं दिसताच त्याच्याच मूळ निर्मात्यानं २००९ मध्ये काढलेली ही मुक्त शाखा आहे. तिच्यात गॅलेरा नावाची क्लस्टरची सोय येते. गॅलेरात तिन्ही नोड सारखे : कोणत्याही नोडवर लिहा, बाकी दोघांकडे ते पोचतं. मोंगोडीबीच्या मागे लागणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, तिच्या पाचव्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स ही सोय लागते. फार जुन्या लॅपटॉपवर ती सुरूच होत नाही.

कंपोझ नावाची एक साधी मजकुराची फाइल लिहायची. तिच्यात तीन डबे, तिघांना जोडणारं एक अंतर्गत नेटवर्क आणि प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम. व्हॉल्यूम म्हणजे डब्याबाहेरची साठवणीची जागा. तो दिला नाही तर डबा काढून टाकला की माहिती त्याच्याबरोबर गेली. पहिला नोड 'नवा क्लस्टर सुरू कर' असं सांगून उठवायचा, मग दुसरा आणि तिसरा त्याला जोडायचे. क्लस्टरचा आकार विचारला आणि उत्तर ३ आलं की जमलं. प्रत्येक तक्त्याला प्रायमरी की हवी. आपल्यासाठी गाव, गट नंबर आणि तपासणीची तारीख मिळून ती होते.

पोर्ट उघडताना सावध राहा. डॉकरनं उघडलेलं पोर्ट उबुंटूच्या नेहमीच्या फायरवॉलला वळसा घालून बाहेर दिसू शकतं. म्हणून ते फक्त लोकलहोस्टला बांधा. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि मालकांना खंडणीच्या चिठ्ठ्या मिळाल्या. पासवर्ड न लावता ते इंटरनेटवर उघडे ठेवलेले होते.

क्लस्टर काय शिकवतो?

आता एक नोड मुद्दाम बंद करा. उरलेले दोन काम चालू ठेवतात, कारण तिघांत दोघं म्हणजे बहुमत. त्यातला एक कोणाला न सांगता एकदम पाडा. शेवटचा एकटा राहतो आणि काम नाकारतो. त्याला माहीत नसतं की बाकीचे मेले आहेत की फक्त संपर्क तुटला आहे. तो एकटा लिहीत बसला आणि पलीकडे दुसरे दोघं वेगळंच लिहीत बसले, तर पुन्हा भेटल्यावर खरं दप्तर कोणतं? याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. आपल्याला हे समजावून सांगायला नको. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे गट मोजा. प्रत्येक गट म्हणतो मीच मूळ. यंत्राला एवढी अक्कल आहे की बहुमत नसेल तर गप्प बसावं!

पारनेरला लाईट जाते, त्याचाही धडा घ्या. एकदम लाईट गेली आणि तिन्ही नोड एका दमात पडले, तर कोणालाच माहीत नसतं की शेवटची नोंद कोणाकडे आहे. मग प्रत्येक नोडला त्याच्या शेवटच्या व्यवहाराचा क्रमांक विचारायचा आणि जो सगळ्यांत पुढे असेल त्याच्यापासून क्लस्टर उठवायचा. घाईनं मागे पडलेल्यापासून सुरुवात केली तर मधल्या नोंदी गेल्या. हे लॅपटॉपवर चार वेळा केलं की कळेल, सर्व्हर का पडतो आणि परत उभा राहायला वेळ का लागतो. मग खिडकीपलीकडचा माणूस 'सर्व्हर डाऊन' म्हणाला तर तुम्ही विचाराल : किती नोड आहेत? दुसरी प्रत कुठे आहे? मुदतवाढीचा आदेश कधी निघणार?

सगळ्यांत मोठा धडा मात्र हा : क्लस्टर म्हणजे बॅकअप नाही. चुकून एक तक्ता पुसला तर तिन्ही नोड प्रामाणिकपणे, लगेच तो पुसतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली. बॅकअपच्या पाच व्यवस्था कागदावर होत्या. वेळेला त्यातली एकही नीट कामी आली नाही. योगायोगानं सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती म्हणून वाचले, मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. तेव्हा रोज रात्री वेगळी प्रत काढा, ती कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करा, आणि महिन्यातून एकदा ती परत भरून बघा. परत भरून न पाहिलेली प्रत म्हणजे न वटवलेला चेक.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप आपल्याच ज्येष्ठांचा : "एवढं कशाला? एक्सेल पुरे आहे." बरोबर आहे, एका तालुक्याच्या नोंदी एक्सेलमध्येही मावतील. पण ती फाइल कोणाच्या पेनड्राइव्हवर आहे, शेवटची कोणती, कोणी कधी काय बदललं, याचं उत्तर एक्सेल देत नाही. आणि एक गोष्ट लपवायची नाही : एका लॅपटॉपवरचे तीन नोड ही शाळा आहे, तिजोरी नाही. लॅपटॉप चोरीला गेला की तिन्ही गेले. सराव झाला की तीन वेगळी यंत्रं घ्या, वाचनालयात किंवा विहारात एकाच नेटवर्कवर ठेवा, आणि रात्रीची प्रत दुसऱ्या गावात. गावाकडच्या हॉटस्पॉटवरून गॅलेरा चालवायचा हट्ट धरू नका, त्याला भक्कम नेटवर्क लागतं.

दुसरा आक्षेप : "गुगल ड्राइव्ह आहे ना, व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना." वापरा. पण तिथे तुम्ही भाडेकरू आहात. खातं बंद झालं तर दाद कुठे मागणार?

तिसरा आक्षेप पुढारलेल्यांचा : "संगणकाला जात नसते." यंत्राला नसते, पण यंत्राभोवतीच्या माणसांना असते. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेनं सिस्को या कंपनीवर जातीय भेदभावाचा दावा लावला, तो या देशातल्या मुंबई-पुण्यात नव्हे, सिलिकॉन व्हॅलीत. इथे आपल्या मुलांना एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मिळतं आणि डेटा एंट्रीची खुर्ची मिळते. टाइप आपण करायचं, डेटाबेसची चावी दुसऱ्याकडे. डोक्यात हद्द आणि परक्या घरात दप्तर, ही जुनीच वाटणी आहे. फक्त खुर्ची प्लास्टिकची झाली.

चौथा आक्षेप : "यात आपल्याच लोकांची माहिती उघडी पडेल." हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मान्य करूनच काम करायचं. आधार नंबर भरायचा नाही. कुटुंबाची संमती घेतल्याशिवाय फोन नंबर भरायचा नाही. अत्याचारग्रस्तांची माहिती या डेटाबेसमध्ये मिसळायची नाही, तिला वेगळी शिस्त लागते. सरकारी संकेतस्थळावरून यंत्रानं माहिती ओरबाडायची नाही. फी भरून, हातानं, उजळ माथ्यानं काढायची.

आता काय करायचं?

पाच जण जमवा, त्यात किमान दोन मुली असू द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकट्या भाऊसाहेबांच्या खिशात नको. तो दोघांकडे असावा आणि त्यातली एक मुलगी असावी. पहिल्या रविवारी लिनक्स आणि डॉकर. दुसऱ्या रविवारी तीन नोड. तिसऱ्या रविवारी नोड पाडायचे आणि उठवायचे. चौथ्या रविवारी प्रत काढून परत भरायची. पाचव्या रविवारी लॅपटॉप बंद करून गावात जायचं, म्हाताऱ्यांपाशी बसायचं आणि विचारायचं : वतनाची जमीन कुठे होती, कोणाकोणाची होती, आज कोण कसतं? कारण हद्द अजूनही त्यांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं एकेक करून जात आहेत.

जयंतीला डीजेवर जो पैसा जातो त्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात एक वापरलेला लॅपटॉप येईल. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक काढा, जरूर काढा. पण त्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या किमान दहा गावांच्या ६ ब जमिनींच्या नोंदी आपल्या दप्तरात तारखेनिशी असल्या पाहिजेत. फेरफाराचे १५ दिवस कोणासाठी थांबत नाहीत.

जय भीम! जय संविधान!